एज ऑफ एम्पायर्सवाला एन्सेंबल स्टुडिओ: एकही गेम आपटला नाही, तरी टाळं का लागलं?

वोलोलो_बाबा:

मंडळी नमस्कार, जुन्या गेमवाल्यांना एक शंका विचारायचीये. भाच्याला स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन घेऊन दिली, तेव्हा डेव्हलपर म्हणून कोणकोणती नावं आहेत ते बघितलं तर फरगॉटन एम्पायर्स, टँटॅलस, विकेड विच... आपल्या वेळचं एन्सेंबल कुठेच नाही. मग शोधाशोध केली तर कळलं की एन्सेंबल स्टुडिओज जानेवारी २००९ लाच बंद झाला, मायक्रोसॉफ्टनेच केला. मला इतकी वर्षं वाटत होतं की असेल कुठेतरी चालू, नवीन काहीतरी करत असतील.

आता मला जे कळत नाही ते असं, की फ्लॉप गेम देऊन कंपनी बुडते हे समजू शकतो, पण यांचा आपटलेला एक तरी गेम आहे का? पहिला एज, रोम, एज २, कॉन्करर्स, मायथॉलॉजी, एज ३, सगळे चालले. आणि मालक मायक्रोसॉफ्ट, म्हणजे पैशाला काय तोटा? तरी बंद? का आपण सगळ्यांनी तीस रुपयांची सीडी घेऊन खेळलो त्याचं पाप आहे हे? कुणाला खरं माहीत असेल तर सविस्तर लिहा, विकिपीडियाची लिंक नको, ती मी पण वाचली.

शंकासुर:

सोप्पंय. २००८ ची मंदी. अमेरिकेत तेव्हा काय काय बंद पडलं, त्यात हे एक. पुढचा धागा.

कोथरूडचा_कोडर:

शंकासुर, तारखा बघा ना राव. एन्सेंबल बंद करणार ही बातमी बाहेर आली ९ सप्टेंबर २००८ ला, आणि लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकन बँक बुडाली १५ सप्टेंबरला. असले निर्णय काही आदल्या रात्री होत नाहीत, महिनोन् महिने आधी ठरलेले असतात. मंदीचा धक्का मायक्रोसॉफ्टच्या गेमिंगला बसला तो नंतर, जानेवारी २००९ मध्ये ५००० लोक काढायचं जाहीर केलं आणि फ्लाइट सिम्युलेटरवाली एसेस टीम गेली. एन्सेंबलचं तसं नाही, तो थंड डोक्याने घेतलेला निर्णय आहे, आणि म्हणूनच जास्त बोचतो.

मी गेम लाइनमध्येच आहे त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

यांची सुरुवात गेमपासून झालेलीच नाही. टोनी गुडमन म्हणून एक माणूस, त्याची डॅलसमध्ये एन्सेंबल कॉर्पोरेशन ही डेटाबेस आणि बिझनेस सॉफ्टवेअरची कामं घेणारी कंपनी, म्हणजे हिंजवडीत दर बिल्डिंगला दोन असतात तसलीच. पैसा बरा पण काम रटाळ. १९९५ च्या सुमारास त्यातनंच गेमची कंपनी वेगळी काढली. टोनी, त्याचा भाऊ रिक, ब्रायन सलिव्हन, जॉन बूग-स्कॉट. गेम बनवून विकल्याचा अनुभव जवळजवळ शून्य. मग टोनीने ब्रूस शेलीला गाठलं, त्यांची ओळख व्हर्जिनियातल्या बोर्ड गेम क्लबमधली जुनी. आणि शेली म्हणजे साधा माणूस नाही, सिड मायरच्या जोडीला बसून १९९१ चा पहिला सिव्हिलायझेशन केलेला माणूस. तिथनं गाडी रुळावर आली. कल्पना काय तर सिव्हिलायझेशनमधला इतिहास घ्यायचा आणि वॉरक्राफ्टसारखा चालू वेळेत खेळायचा, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघणं बंद. ऑर्क आणि राक्षसांच्या ऐवजी माणसं, शेतं, हरणं, बेरीची झुडपं.

मायक्रोसॉफ्ट पहिल्यापासून पब्लिशर होती. १९९७ ला पहिला एज आला आणि तुफान चालला. मग दुसऱ्या भागासाठी एका वर्षाची मुदत ठरली आणि लागली दोन! मधला खड्डा भरायला १९९८ ला राइज ऑफ रोम काढावा लागला. हे वाक्य लक्षात ठेवा, ते "एक वर्ष सांगितलं दोन लागली" हे पुढे कामाला येणारे. एज ऑफ किंग्ज (म्हणजेच एज २) १९९९, कॉन्करर्स २०००. डूमच्या लेव्हल्स केलेला सँडी पीटरसनसुद्धा एव्हाना यांच्याकडेच होता, म्हणजे माणसं कसली जमवली होती बघा. आणि २००१ ला मायक्रोसॉफ्टने अख्खा स्टुडिओच विकत घेतला.

आता माझं मत. २००१ लाच पुढचं सगळं ठरलं. विकल्यावर पैसा, पगार, स्थैर्य सगळं मिळालं पण एज हे नाव पण गेलं. स्टुडिओ डॅलसला, निर्णय रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्य ऑफिसात. मग तुम्ही कितीही नफा द्या, तुमचा हिशोब तुमच्या जुन्या नफ्याशी होत नाही, तो होतो "ह्याच शंभर माणसांच्या पगारात दुसरीकडे काय झालं असतं" याच्याशी. त्या काळात मायक्रोसॉफ्टचं सगळं लक्ष एक्सबॉक्सवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्यांच्या कन्सोलवर होतं आणि हे लोक पीसीवर स्ट्रॅटेजी गेम बनवणारे. एज ३ चे २००७ पर्यंत २० लाखांवर कॉप्या गेल्या. चांगलाच आकडा, पण हेलो या त्यांच्या एक्सबॉक्सवरच्या शूटिंग गेमच्या आकड्यांपुढे ठेवला की तोच आकडा केविलवाणा दिसतो. बंद करताना मायक्रोसॉफ्टने कारण पण असंच दिलं, आर्थिक निर्णय आहे म्हणून. आणि ब्रूस शेलीने लिहिलं होतं की आम्हाला सगळ्यांना धक्का बसला, आम्ही कंपनीला चांगला नफा मिळवून देतोय अशीच आमची समजूत होती. दोघंही खरंच बोलत असणार, हीच तर गंमत आहे.

लॅनवाला_सांगली:

जुने दिवस आठवले राव. माझा सायबर कॅफे होता, २००२ ते २००९, विश्रामबागेत. तासाला वीस रुपये. मशीन्स एकदम साधी, ग्राफिक कार्ड नाहीच, तरी एज २ आठ जणांत लोण्यासारखा चालायचा, बाकी कुठलाही नवीन गेम टाकला की रडायचा. तेव्हा वाटायचं आपलं नेटवर्क भारी आहे. नंतर कळलं की भारी तो गेम होता.

पॉल बेटनर आणि मार्क टेरॅनो या एन्सेंबलच्याच दोघांनी यावर एक लेख लिहिलाय, २८.८ च्या मॉडेमवर (फोनलाइनवरचा जुना संथ मॉडेम) १५०० धनुर्धारी असं काहीसं नाव आहे, २००१ चा, नेटवर्कवाल्या पोरांनी आजही वाचावा असा. भानगड अशी की आठ खेळाडूंचे शेकडो सैनिक मैदानात, आता प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, तोंड कुठे, जीव किती राहिला हे सगळं जर दर वेळी सगळ्या मशीनना पाठवायचं तर त्या मॉडेमवर जास्तीत जास्त अडीचशे हलते सैनिक मावतात, त्याच्यावर गेलं की बोंब. मग यांनी डोकं लावलं, सैनिक पाठवायचेच नाहीत, फक्त हुकूम पाठवायचा. "या दहा जणांनी त्या भिंतीकडे जायचं" एवढंच तारेवरून जातं, आणि आठही मशीनवर तोच खेळ आपापला हुबेहूब चालू असतो. खेळाचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले, आत्ता क्लिक केलं तर हुकूम दोन तुकडे पुढे अमलात येतो, तोपर्यंत तो सगळ्यांकडे पोचलेला असतो. म्हणूनच क्लिक केल्यावर गडी लगेच "हो मालक" सारखं काहीतरी ओरडतो पण पाय उचलायला किंचित वेळ लावतो. त्या आवाजात तो उशीर लपून जातो! यांनी लोकांना खेळवून बघितलं तर पाव सेकंदाचा उशीर कुणाच्या लक्षात पण येत नव्हता, अर्ध्या सेकंदापर्यंत लोक मजेत खेळत होते, फक्त तो एकसारखा पाहिजे. कधी पटकन कधी सावकाश झालं की मात्र चिडायचे.

आणि यातली खरी डोकेदुखी म्हणजे आउट ऑफ सिंक. ज्यांनी कॅफेत खेळलंय त्यांना तो मेसेज माहितीये, दीड तासाची लढाई आणि ऐन मोक्याला तो डबा येणार, मग आरडाओरडा आणि पैसे कोण देणार यावरनं भांडण माझ्याशी. त्या लेखात याचं कारण दिलंय ते वाचून मी हसत सुटलो. नकाशा तयार होताना एखादं हरिण एका मशीनवर केसभर वाकडं उभं राहिलं, तर ते चरताना वेगळीकडे जाणार, काही मिनिटांनी त्याच्या मागे गेलेला गावकरी जरा वेगळ्या वाटेने जाणार, त्याचा भाला चुकणार, आणि तो मटण न घेताच घरी येणार. झालं, एका मशीनवर पन्नास फूड जास्त, दुसरीकडे कमी, दोन वेगळ्या दुनिया. आणि चूक शोधायची तर ती बरीच आधी, त्या हरणापाशी झालेली! असले किडे ज्यांनी शोधून मारले त्या लोकांना घरी बसवलं. कमाल आहे.

वोलोलो_बाबा:

@लॅनवाला_सांगली, हरणाचं कळल्यावर कॅफेतली सगळी भांडणं माफ. 😄

@कोथरूडचा_कोडर, पण मग हेलो वॉर्स? ते तर एक्सबॉक्ससाठीच केलं ना यांनी? म्हणजे मालकाला पाहिजे तेच केलं की.

कोथरूडचा_कोडर:

हो, आणि तीच तर खरी ट्रॅजेडी. हे लोक एज करून करून कंटाळले होते. साहजिक आहे, दहा वर्षं तेच गावकरी आणि तीच लाकडं. म्हणून आत एकाच वेळी बरेच प्रयोग चालायचे, प्रोटोटाइपवर प्रोटोटाइप, त्यातले बहुतेक कधी बाहेर आलेच नाहीत. त्यातला एक होता कंट्रोलरवर स्ट्रॅटेजी गेम कसा खेळता येईल याचा. माउसशिवाय शंभर सैनिक हाकायचे हा प्रश्न तोपर्यंत कुणी धड सोडवला नव्हता. यांनी साधारण वर्ष दीड वर्ष नुसतं बटणं कशी ठेवायची यावर घालवलं, एज ऑफ मायथॉलॉजीवरच कंट्रोलर जोडून बघायचे. यांच्या डोक्यात त्याच्यासाठी माणसं विरुद्ध परग्रहवासी अशी स्वतःची नवीन दुनिया होती, फिनिक्स नावाने काम चालू होतं. मायक्रोसॉफ्टला दाखवल्यावर उत्तर आलं, छान आहे, हेलोच्या दुनियेत करा. नवीन नाव बाजारात रुजवण्यात धोका, हेलो लावलं की विक्री नक्की. म्हणजे स्वतःच्या एजमधून सुटले आणि दुसऱ्याच्या हेलोत अडकले.

त्याच स्टुडिओत दुसरीकडे हेलोचाच एक भलामोठा ऑनलाइन एमएमओ (ढीगभर लोक एकाच दुनियेत खेळतात तसला गेम) चालू होता, टायटन नाव. तो २००७ ला रद्द झाला. म्हणजे विचार करा, शंभरेक माणसांचा स्टुडिओ, त्यातली मोठी टीम अशा गेमवर बसलेली ज्याचा एक रुपया येणार नाही, बाकीची टीम हेलो वॉर्सवर, आणि एज ३ चं दुसरं एक्स्पान्शन, म्हणजे जोडभाग, एशियन डायनॅस्टीज (२००७, ज्यात भारत पण आहे) करायला स्वतःकडे हात नाहीत म्हणून ते मुख्यतः बाहेर बिग ह्यूज गेम्सकडून करून घेतलं. एक्सेलमध्ये हा स्टुडिओ कसा दिसत असेल?

आणि शेवट कसा केला ते बघा. सप्टेंबरला सांगितलं की स्टुडिओ बंद होणार, पण हेलो वॉर्स पूर्ण करून मग. शेवटपर्यंत थांबणाऱ्यांना वेगळे पैसे. चार साडेचार महिने ती माणसं रोज येऊन काम करत होती, शेवटी कुणालाच नोकरी नाही हे माहीत असून. गेम पूर्ण केला, २९ जानेवारी २००९ ला स्टुडिओ बंद, आणि गेम दुकानात आला फेब्रुवारीच्या शेवटी नि मार्चमध्ये. पहिल्याच महिन्याभरात दहा लाख कॉप्या गेल्या. कन्सोलवरच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी तो आकडा म्हणजे अबब होता, आणि तो बघायला स्टुडिओच नव्हता.

माझ्या स्वतःच्या एका आधीच्या नोकरीत असंच झालेलं, कंपनीचं नाव सांगत नाही, दोन वर्षांचं काम बाहेरच्या ऑफिसातनं आलेल्या एका मेलवर गुंडाळलं गेलं, आम्हाला गेममधलं कुणी काही विचारलं पण नाही. त्यामुळे मला एन्सेंबलच्या त्या चार महिन्यांचं फार वाटतं.

तिखट_चहा:

कोडर साहेब, लिहिलंय छान पण तुम्ही एन्सेंबलला अगदीच गरीब गाय करून टाकलंत. जरा दुसरी बाजू.

वर लॅनवाल्यांनी ज्या पॉल बेटनरचं नाव घेतलं, तोच २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये उभा राहून काय म्हणाला माहितीये का? की आमचा प्रत्येक गेम सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळात झाला आणि दुप्पट पैसे खाऊन झाला, आणि मायक्रोसॉफ्ट आमच्यासारख्या महागड्या स्टुडिओला वैतागली होती. आणि त्याने त्याचं मूळ सांगितलं क्रंच. म्हणजे महिनोन् महिने रात्रंदिवस काम, घरी बायकापोरं वाट बघतायत, आणि हे एकदा नाही, दर गेमला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे वीरपणाचं काम नव्हतं, रोग होता, कारण अशाने चांगली अनुभवी माणसं सोडून जातात, नवीन येतात, ती पुन्हा त्याच चुका करतात, पुन्हा उशीर, पुन्हा क्रंच.

बाहेरचा कुणी टीकाकार असता तर सोडून दिलं असतं, हा आतला माणूस आहे, पहिल्या एजपासूनचा. तुम्हीच वर लिहिलंय की एज २ ला एक वर्ष ठरलेलं आणि दोन लागली. तेव्हा गेम लाखांनी खपला म्हणून कुणी बोललं नाही. गेम खपतो तोवर दिरंगाईला परफेक्शन म्हणतात, खप उतरला की तिलाच ढिसाळपणा म्हणतात.

आणि हो, मालकाच्या पैशावर पाच पाच प्रयोग चालवायचे आणि मग मालक हिशोब मागतो म्हणून रडायचं, हे मला नाही पटत.

कोथरूडचा_कोडर:

बेटनरचं बरोबर आहे, ते नाकारत नाही. पण एक सांगा, महागडा म्हणून बंद करायचा तर त्याच्या आधी माणसं कमी करा, एक प्रोजेक्ट बंद करा, मुख्य बदला, दहा उपाय असतात. तेरा-चौदा वर्षं एकत्र काम केलेली टीम एकदा मोडली की पुन्हा जमत नाही. एन्सेंबलमध्ये अकाउंट्सवाल्यापासून टेस्टरपर्यंत सगळे रोजच्या रोज चालू गेम खेळून बघायचे आणि मत द्यायचे, ही सवय अशी कागदावर लिहून दुसऱ्या स्टुडिओला देता येत नाही. मायक्रोसॉफ्टलाच ते नंतर कळलं असणार, २००९ नंतर एज ४ यायला २०२१ उजाडलं, तो पण बाहेरच्या रेलिककडून करून घेतला.

तिखट_चहा:

हे मान्य. मोडणं चूकच होतं. पण मोडायला निमित्त यांनीच दिलं एवढंच माझं म्हणणं.

प्लॅनोकर_सध्या:

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, प्लॅनो-फ्रिस्को भागात आयटीतली मराठी माणसं ढिगाने आहेत पण इथेच आपला एज जन्मला हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. पुढे या लोकांचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते ती गोष्ट जास्त भारी आहे.

टोनी गुडमनने लगेच रोबोट एंटरटेनमेंट काढली, प्लॅनोतच. बरीच एन्सेंबलवाली माणसं तिकडे गेली, हेलो वॉर्सचे पुढचे पॅच आणि जादाचे नकाशे पण त्यांनीच केले, म्हणजे मालकाने घर पाडलं आणि डागडुजीचं काम त्याच मिस्त्रींना दिलं. एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइनची सुरुवात पण यांच्याकडेच झाली, नंतर ते काम दुसऱ्यांकडे गेलं. रोबोटचं नाव झालं ते २०११ च्या ऑर्क्स मस्ट डाय वर.

बेटनर भावांनी तर बंद होण्याची वाट पण बघितली नाही, २००८ लाच न्यूटॉय काढली, आणि त्यांचा वर्ड्स विथ फ्रेंड्स हा शब्दांचा गेम अमेरिकेत अख्ख्या पब्लिकच्या फोनवर गेला. २०१० ला ती झिंगा या गेम कंपनीने घेतली.

तिसरा गट म्हणजे बॉनफायर स्टुडिओज. तो पण २०१० ला झिंगाने घेतला, झिंगा डॅलस झालं. २०१३ ला झिंगाने डॅलसचं ऑफिस बंद केलं. मग त्यातल्याच लोकांनी बॉस फाइट एंटरटेनमेंट काढली. ती २०२२ ला नेटफ्लिक्सने घेतली. आणि २०२५ ला नेटफ्लिक्सने ती पण बंद केली! मायक्रोसॉफ्ट, झिंगा, नेटफ्लिक्स, तीन मोठ्या मालकांनी जवळजवळ त्याच माणसांना विकत घेऊन टाळं लावलंय. यात तरी क्रंचचा काय संबंध, तिखटराव?

तिखट_चहा:

😶 चौथ्यांदा विकू नका असा सल्ला देईन फक्त.

शंकासुर:

बरं मंदी नसेल. पण वोलोलोने पायरसीचं विचारलंय त्याचं उत्तर कुणीच देईना. तीस रुपयांची सीडी. सगळे गप्प. 😂

लॅनवाला_सांगली:

माझ्याकडे बघू नका, कॅफेतल्या सगळ्या ओरिजिनल होत्या. (नव्हत्या.)

कोथरूडचा_कोडर:

एन्सेंबलपुरतं बोलायचं तर पायरसीने तो बंद झाला असं त्यांच्यातलं कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही. पण त्यांच्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका स्टुडिओच्या बाबतीत हे उघडपणे बोललं गेलंय, ती गोष्ट ऐका.

वर संस्थापकांत ब्रायन सलिव्हनचं नाव आलं ना, तो २००० ला बाहेर पडला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आयर्न लोर नावाचा स्टुडिओ काढला. त्यांचा टायटन क्वेस्ट २००६ ला आला, डायब्लोच्या धर्तीचा, ग्रीस इजिप्त वगैरे, आपल्याकडे पण बऱ्याच जणांनी खेळलाय. २००८ च्या फेब्रुवारीत आयर्न लोर बंद. त्यानंतर पब्लिशर टीएचक्यूच्या मायकल फिचने जाहीर संताप केला. त्याचं म्हणणं, रिलीजच्या आधीच गेमची क्रॅक कॉपी बाहेर आली, आणि त्या कॉपीत कॉपी प्रोटेक्शनचं एक चेकिंग तसंच राहिलेलं, त्यामुळे ठरावीक जागी गेम धाडकन बंद पडायचा. आता फुकट्यांना काय माहीत हे मुद्दाम आहे, त्यांनी सगळीकडे बोंब मारली की गेम भिकार आहे, सारखा क्रॅश होतो. आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला असता ते पण ते वाचून मागे सरकले. म्हणजे चोरी झाली ती झालीच, वर बदनामी पण.

तो सगळा दोष पायरसीचाच होता असं मी म्हणणार नाही, पब्लिशरच्या माणसाला ते कारण सोयीचं पण होतं. पण गोष्ट खरी आहे.

आणि तिसरा, रिक गुडमन. टोनीचा भाऊ, पहिल्या एजचा डिझाइनर. त्याने स्टेनलेस स्टील स्टुडिओज काढला, एम्पायर अर्थ (२००१) त्यांचाच. तो पण २००५ ला बंद, राइज अँड फॉल नावाचा गेम अर्धवट असताना. तो गेम मग मिडवे या पब्लिशरने पूर्ण करून २००६ ला काढला. २००९ ला मिडवेच दिवाळखोरीत. इकडे टीएचक्यू पण पुढे दिवाळखोरीत गेली. वर ज्या बिग ह्यूज गेम्सने एशियन डायनॅस्टीज केला, ती ३८ स्टुडिओज या दुसऱ्या गेम कंपनीने घेतली आणि २०१२ ला ३८ स्टुडिओज दिवाळखोरीत गेली, ऱ्होड आयलंड राज्याने त्यांना साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिलेली, ती जनतेच्या बोकांडी बसली.

म्हणून मी म्हणतो की "एन्सेंबल का बंद झाला" यापेक्षा या धंद्यात दहा पंधरा वर्षांच्या वर कोण टिकतं हे शोधा, यादी फार छोटी निघेल.

वोलोलो_बाबा:

बाप रे, मी एक स्टुडिओ विचारला, तुम्ही अख्खं स्मशान दाखवलंत.

मग हे फरगॉटन एम्पायर्सवाले कोण? ते पण यांच्यातलेच का?

लॅनवाला_सांगली:

नाही, ते आपल्यातले! म्हणजे खेळणारे. मायक्रोसॉफ्टने एज २ कडे बघणं सोडलेलं त्या काळात काही चाहत्यांनी एकत्र येऊन फुकटचं एक्स्पान्शन बनवलं, नवीन संस्कृती, नवीन नकाशे, जुने बग काढलेले. ते लोकांना इतकं आवडलं की २०१३ ला एचडी एडिशन आल्यावर मायक्रोसॉफ्टने त्यांनाच अधिकृत काम दिलं, द फरगॉटन म्हणून. त्यातच पहिल्यांदा एज २ मध्ये इंडियन्स आले. मग २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन, आणि २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया, त्यात सगळ्या भारताला एकच संस्कृती हा प्रकार बंद केला आणि हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड अशा वेगळ्या केल्या. राजेंद्र चोळाची कॅम्पेन आहे त्यात. भाच्याला ती घेऊन द्या, मस्त आहे.

खेळाचा गाभा मात्र तोच एन्सेंबलचा, फक्त इंजिनाची बरीच दुरुस्ती केलीये. लॉकस्टेपवरच, म्हणजे मी वर सांगितलेल्या फक्त हुकूम पाठवायच्या पद्धतीवरच चालतो अजून.

प्लॅनोकर_सध्या:

एक छोटी टीप, कुणी गोंधळू नये म्हणून. आत्ता शोधलंत तर बॉनफायर स्टुडिओज नावाची कंपनी सापडेल, पण ती वेगळी, ब्लिझार्ड या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या रॉब पार्डोने २०१६ ला काढलेली. एन्सेंबलवाल्या बॉनफायरशी तिचा संबंध नाही.

वोलोलो_बाबा:

सगळ्यांचे आभार मंडळी. हेलो वॉर्स मी कधी खेळलेलाच नाही, एक्सबॉक्स कुणाकडे होता. पीसीवर मिळतो का?

कोथरूडचा_कोडर:

मिळतो, डेफिनिटिव्ह एडिशन म्हणून २०१७ पासून स्टीमवर आहे. सेलमध्ये घ्या. माउसने खेळताना जरा विचित्र वाटेल, ती सगळी बटणं कंट्रोलरसाठी बसवलेली आहेत, जमलं तर कुणाचा तरी कंट्रोलर उसना आणा.